आधी झाकण

आमच्या बकुळचे डोळे मिटत नाहीत, हा शोध तिच्या खेळाच्या बाईंनी लावला. कन्या इंटर कॉलेजच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या बारावीपर्यंतच्या शाळेच्या, मैदानावर त्यांनी सगळ्या पोरींना रांगेत उभं केलं आणि एकेकीच्या नाकापर्यंत हॉकीचा चेंडू झपकन नेला. बाकीच्या डोळे मिटून मागे सरकल्या. बकुळ चेंडूकडे बघत तशीच उभी. बाईंनी त्याच दिवशी तिला गोलमध्ये उभी केली, आणि इंटरच्या शेवटच्या वर्षापर्यंत ती तिथून हलली नाही. मध्ये एकदा नापास झाली, म्हणजे गोलमध्ये एक वर्ष जास्तच काढलं म्हणायचं.

मी तिची सख्खी आत्या, प्रमोदिनी. तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते आणि भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. हॉकीवर माझा राग होता. झाशीत हे उघड बोलायची सोय नाही. इथे गल्लीबोळात पोरं बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन खेळतात आणि म्हातारे ओट्यावर बसून पंचगिरी करतात. पण पोरगी सुजलेला घोटा आणि फुटलेली हनुवटी घेऊन घरी आली की हळद भरायला मीच. राग येणार नाही तर काय.

माझा भाऊ हरिभाऊ वॅगनच्या कारखान्यात वेल्डर होता. आमचे वडील भुसावळहून बदलीवर इथे आले, तेव्हापासून आम्ही रेल्वेचे. वहिनी, म्हणजे बकुळची आई कमल, ती मात्र जुन्या झाशीकरांतली. तिचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर दप्तर सांभाळायला आले आणि इथेच राहिले. दोनशे वर्षांत त्यांचं मराठी निम्मंअधिक हिंदीत विरघळलं, पण स्वयंपाकघरातले शब्द तेवढे जपून ठेवले. गरम भांड्याखाली ठेवायच्या तिवईला शेजारणी ‘स्टँड’ म्हणायच्या, कमल अजून ‘अडणी’च म्हणायची. आणि लग्न झाल्यापासून हरिभाऊला ऐकवायची, “आमच्या घराण्यात लोखंडाला हात लावला तो तव्यापुरता.” हरिभाऊ हसून जेवायला बसायचा.

मग हरिभाऊनं एक डोळा घालवला. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. वेल्डिंग झालं की सांध्यावर कीट धरतो, तो हातोडीनं ठोकून काढतात, आणि ठोकताना चष्मा लावायचाच असतो. सांधा कसा बसलाय ते नीट दिसावं म्हणून यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि तसाच ठोकला. कपची उडाली ती थेट उजव्या डोळ्यात. महिनाभर मी देवाला आणि भावाला आळीपाळीनं बोल लावत होते. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवलं. अशा वेळी घरातल्या एकाला नोकरी देतात. घरात एकुलती एक बकुळ. ती लागली तर घर चालणार आणि क्वार्टरही राहणार.

सगळे धरून चालले होते की ती ऑफिसात जाईल. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, संध्याकाळी रेल्वेच्या संघाकडून हॉकी. खेळाच्या बाई तर घरी पेढे घेऊन आल्या होत्या. बकुळनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, “मला ऑफिसमध्ये नाही बैठायचं. मी कारखान्यात बाबांच्या शॉपमध्ये जाणार. वेल्डिंगला.”

कमल पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून ती म्हणाली, “एक डोळा दिला ना त्यांना? पुरे झालं.” त्या दिवशीच्या उरलेल्या पोळ्या मी केल्या.

मी बकुळला गच्चीवर गाठलं. म्हटलं, तुला वेड लागलंय का? बापाची दशा बघतेस ना रोज? ती काठीला पट्टी गुंडाळत बसली होती. म्हणाली, “आत्या, मी गोल अडवते ना, तर मागे काय राहतं? शून्य. बोर्डावर शून्य लिहितात. जितकी अच्छी खेळणार तितकं पक्कं शून्य. बाबांनी जोडलेले डबे अजून चालताहेत, इटारसीपर्यंत, कटनीपर्यंत. मी सोचते, आपलं पण काही तरी राहायला पाहिजे.” मी भांडायला गेले होते, आणि पट्टीचं दुसरं टोक धरून बसले.

कारखान्याच्या फोरमननं हरिभाऊला एवढंच सांगितलं, की मुलीला शॉपमध्ये यायचं असेल तर येऊ दे, पण आधी इस्पितळात तिचे डोळे तपासतील आणि मग मी तिचा हात बघीन. दोन्ही ठीक असेल तर माझी ना नाही. हरिभाऊ मनातून खूश होता. पण कमलच्या मर्जीविरुद्ध तो आयुष्यात कधी गेला नव्हता आणि आता तर एका डोळ्यानं जाणं शक्यच नव्हतं. कमल म्हणाली, “डोळे तपासून घ्या. ते ऑफिसच्या नोकरीलाही लागतीलच. पुढचं पुढे.”

हात मात्र बकुळचा आधीच बसत चालला होता. काम सुटल्यापासून हरिभाऊ दिवसभर दतिया गेटजवळ परमलाल मिस्त्रीच्या दुकानात बसायचा. परमलाल खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं करायचा. बकुळ बापाला घरी आणायला म्हणून जायची आणि तिथून तिलाच हलवावं लागायचं. परमलालनं तिच्या हातात वेल्डिंगची कांडी दिली, आणि बापानं शेजारी बसून शिकवलं. कमलला वाटायचं पोरगी नुसती बघत बसते.

काम बघायला सोपं दिसतं. उजव्या हातात कांडी, डाव्या हातात काळ्या काचेची ढाल. कांडी लोखंडाला टेकायच्या आत ढाल तोंडासमोर यायला हवी. पण ठिणगी पेटेपर्यंत त्या काचेतून काहीच दिसत नाही, नुसता अंधार. बकुळला नेमकं तेच सोसायचं नाही. चेंडू काठीवर येईपर्यंत नजर काढायची नाही, हे पाच वर्षं अंगात मुरलेलं. ती कांडी टेकेपर्यंत उघड्या डोळ्यांनी बघायची आणि ढाल क्षणभर उशिरा यायची. प्रत्येक वेळी तो लख्ख निळा उजेड डोळ्यांत. परमलाल बुंदेलीत ओरडायचा, “बिन्नू, आँखें फोरने हैं का? पैलें ढाल!” ती हो म्हणायची आणि परत तेच करायची. सांधा मात्र बापासारखा सरळ यायचा, त्यामुळे तिला वाटायचं सगळं ठीक चाललंय.

संक्रांतीनंतरच्या रविवारी परमलालकडे एका मोठ्या फाटकाचं काम होतं. फाटक जागच्या जागी धरून ठेवायला आधी सगळीकडे छोटे छोटे टाके घालतात. लांब सांध्यात कांडी एकदाच पेटवायची असते, टाक्यांत दर टाक्याला नव्यानं. हरिभाऊ त्या दिवशी सर्दीनं घरी झोपला होता. घरी हॉकीचं सांगून गेलेल्या बकुळनं सकाळपासून दुपारपर्यंत एकटीनं टाके घातले, आणि दर टाक्याला एकदा उघड्या डोळ्यांनी बघून घेतलं. मंगळवारी तिची इस्पितळातली तपासणी होती.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. क्वार्टरांतल्या आणि जुन्या शहरातल्या मराठी बायका जमल्या होत्या. वाण म्हणून कमलनं चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, त्या परातीत रचून ठेवल्या होत्या. बकुळ साडी नेसून तिळगूळ वाटत होती, आणि हे दृश्य दुर्मिळ असल्यामुळे सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी थोडं, मग धारा. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. म्हणाली, “आत्या, डोळ्यांत रेत गेलीय. पुष्कळ रेत.”

गार्डसाहेबांच्या यमुनाबाईंनी वाटीतला तिळगूळ खाली ठेवला. “अगंबाई, हिचे डोळे आलेत.”

डोळे आले म्हटल्यावर आमच्या बायकांची जी पळापळ झाली, तेवढ्या चपळाईनं बकुळच्या संघातल्या पोरीही पळत नसतील. कुणी पदरानं डोळे झाकले, कुणी चप्पल शेजारणीची घातली. जाता जाता दारातून प्रत्येकीनं एक औषध सांगितलं, गुलाबपाणी, मध, धण्याचं पाणी. अत्तर लावून घ्यायला कुणी थांबलं नाही. गाळण्या परातीत तशाच राहिल्या. कमलनं बकुळला मागच्या खोलीत नेलं, टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला, आणि मला म्हणाली, “वन्सं, तुम्ही जवळ जाऊ नका, शाळेतल्या पोरांना लागेल.”

गडबड ऐकून हरिभाऊ अंथरुणातून उठून आला. त्यानं दिवा लावला तशी बकुळ कळवळून भिंतीकडे वळली. त्यानं लगेच दिवा मालवला. अंधारातच विचारलं, “आज टाके घातलेस?”

“हो.”

“ढाल?”

तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. हरिभाऊ तिच्या पायथ्याशी बसला. “डोळे आले नाहीत हिचे,” तो कमलला म्हणाला. “आर्क लागलाय. वेल्डिंगचा उजेड बघितला की असं होतं. उद्या दिवसभर अंधारात ठेवू, चोळू द्यायचं नाही. उतरेल.”

कमलनं हातातला पेला खाली ठेवला. मग जे बोलली ते इतक्या हळू आवाजात बोलली की माझा जीव घाबरा झाला. मला आरडाओरडा कळतो, हे कळत नाही. “तुम्ही तिला शिकवलंत,” ती म्हणाली. “मला वाटलं पोरगी बापाला आणायला जाते. तुमच्या घराण्याला बघायची हावच आहे. तुम्हाला सांधा बघायचा होता, हिला ठिणगी बघायचीय. परवा तपासणी आहे. तिला नाही दिसलं तर? नोकरी जाऊ दे, घर जाऊ दे. तिला नाहीच दिसलं तर?”

हरिभाऊनं पुन्हा “उतरेल” म्हटलं, पण त्याच्या आवाजात आता तेवढा जोर नव्हता. मी फार घाबरले होते. भावाचा एक डोळा गेला तेव्हा राग आला होता, या वेळी नुसती भीती होती.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. खोलीला गोधडीचा पडदा लावला. कमल थंड पाण्याच्या पट्ट्या बदलत होती, हरिभाऊ पट्ट्या भिजवून देत होता, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बकुळ डोळे घट्ट मिटून पडली होती. जिचे डोळे मिटत नाहीत म्हणून कौतुक झालं, ती आता उघडायला घाबरत होती. दुपारी खेळाच्या बाई दारापर्यंत येऊन गेल्या. मी त्यांना आत घेतलं नाही. त्यांचा काही गुन्हा नव्हता, पण त्या दिवशी कुणावर तरी चिडणं मला आवश्यक होतं.

दिवस कलला तसं बकुळनं पट्टी काढली. किलकिले डोळे करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग हळूहळू वाचायला लागली, “रथसप्तमी. पंचक. खाली लिहिलंय, दूधवाला नाही आला.” ते भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि खालचं कमलनं पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं.

कमल तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी पण रडले, सांगायला लाज कसली. हरिभाऊ बाहेर अंगणात गेला आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिला.

मंगळवारी आम्ही सगळेच इस्पितळात गेलो. डोळे अजून कडेनं लाल होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बकुळनं जे झालं ते सरळ सांगून टाकलं. ते म्हणाले, एकदा झालं ते भरून येतं, पण पुन्हा पुन्हा झालं तर डोळे टिकणार नाहीत, आणि ढाल काय शोभेला दिलेली असते का? मग त्यांनी तक्ता वाचून घेतला. अगदी खालची ओळ तिनं न अडखळता म्हटली. “ठीक है, बेटी,” ते म्हणाले आणि त्यांनी पास केलं. बाहेर येऊन कमल बाकावर बसली, पिशवीतून नर्सबाईंसाठी आणलेला तिळगुळाचा डबा काढला आणि एकामागून एक वड्या खायला लागली. आदल्या दिवसापासून तिनं काही खाल्लं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मीही दोन उचलल्या. इतका गोड तिळगूळ मी नंतर कधी खाल्ला नाही.

डोळे वाचले, पण प्रश्न तिथेच होता. फोरमन पुढच्या आठवड्यात हात बघणार होता. बकुळ आता हट्ट करत नव्हती. “आई, तू नाही म्हणालीस तर मी ऑफिसमध्ये जाईन,” असं तिनं स्वतःच सांगितलं, आणि ते ऐकून मला हट्टापेक्षा जास्त वाईट वाटलं.

कमल संध्याकाळचं वरण उतरवत होती. म्हणाली, “काय करता तिथे, ते मला एकदा दाखव.”

बकुळनं लाटणं कांडीसारखं धरलं आणि डाव्या हातात ताटली घेतली. ओट्याच्या कडेला लाटणं टेकवलं, ताटली तोंडासमोर आली. कमल म्हणाली, “परत.” बकुळनं परत केलं. कमलनं तिसऱ्यांदाही करायला लावलं आणि म्हणाली, “तुझा डावा हात मागून येतोय.”

“माहीत आहे ना, आई. पण ताटली आधी आणली तर कुठे टेकवायचं ते दिसत नाही.”

“इकडे उभी राहा,” कमल म्हणाली. तिनं कढल्यात तेल तापवलं. उजव्या हातात मोहरी घेतली, मूठ तेलावर नेऊन धरली, आणि तिथेच स्थिर ठेवली. मग डाव्या हातातलं झाकण चेहऱ्यासमोर आणलं. मग मूठ सोडली. मोहरी तडतडली, सगळी झाकणावर आपटली. “बघून घ्यायचं ते आधी बघून घे. हात जागेवर नेऊन थांबव. थांबलेला हात कुठे जात नाही. आधी झाकण, मग मोहरी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडावर तेलाचा एक डाग दाखव.”

बकुळ बघतच राहिली. हरिभाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, “आणि सांधा नीट चालला ना, की आवाज असाच येतो. तळणाचा. बिघडला की आवाज फुटतो. डोळ्यांइतकंच कानानंही काम होतं ते.”

कमलनं वळून बघितलं. “इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस,” तो म्हणाला. रविवारनंतर ते दोघं एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते.

त्या आठवड्यात आमच्या घरी जे शिजलं त्या सगळ्याला फोडणी होती. फोडणीचं वरण, फोडणीचा भात, फोडणीची पोळी, ताकाला फोडणी, काकडीला फोडणी. बकुळ झाकण घेऊन उभी आणि कमल शेजारी कंबरेवर हात ठेवून. हात मागून आला की म्हणायची, “पुन्हा.” खेळाच्या बाई एवढ्या कडक नव्हत्या. मोहरी संपली तशी मी बाजारातून मोठी पुडी आणली. माझं पित्त खवळलं होतं, पण मी ब्र काढला नाही. शेवटी शेवटी झाकण आपोआप आधी वर जायला लागलं. मग कमल स्वतः पदर खोचून दतिया गेटला परमलालच्या दुकानात गेली, लोखंडाच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली आणि बकुळनं खरी कांडी पेटवताना पाठ करून नुसती आवाज ऐकत राहिली. परमलालनं तिच्यासाठी चहा मागवला. ती परत आली तेव्हा हरिभाऊला म्हणाली, “तळणाचाच येतो आवाज.” त्याला काय कळायचं ते कळलं.

परीक्षेच्या दिवशी आम्हाला आत सोडलं नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिघं उभे होतो. आत कुठेतरी वाफेचं इंजिन शिट्टी घालत होतं आणि दर शिट्टीला कमल माझा दंड धरायची. बकुळ फोरमनबरोबर बाहेर आली. कमल पुढे झाली. तिनं बकुळची हनुवटी वर करून दोन्ही पापण्या खाली ओढून बघितल्या, जसं लहानपणी कचरा गेल्यावर बघायची. मग म्हणाली, “झालं?”

“झालं, आई.”

फोरमन हरिभाऊला म्हणाला, “लड़की का हाथ आपका ही है. मगर हर बार कुछ बुदबुदाती है. ये ‘झाकण’ क्या है?”

हरिभाऊनं कमलकडे बोट दाखवलं. “इनसे पूछिए.”

“ढक्कन,” कमल म्हणाली, आणि पदर सारखा करून चालायला लागली.

हॉकी बकुळनं सोडली नाही. रेल्वेच्या मुलींच्या संघात ती बरीच वर्षं गोलमध्ये उभी राहिली, आणि तिथे तिचे डोळे पूर्वीसारखेच उघडे असायचे. खेळाच्या बाईंना भीती होती की तिची सवय मोडेल. ती म्हणायची, तिथलं तिथे, इथलं इथे. कारखान्यात सुरुवातीला पुरुषमंडळी तिला बघायला यायची. मग तीच मंडळी तिच्याकडून काम करून घ्यायला यायला लागली. ही सगळी वर्षं मी तिच्या डोळ्यांची काळजी केली नाही असं नाही, पण झोप मात्र लागत आली.

परीक्षेनंतरच्या पहिल्याच संक्रांतीला कमलनं हळदीकुंकवाला त्याच सगळ्या बायकांना बोलावलं, यमुनाबाईंसकट. परातीवर फडकं झाकलं होतं. तिनं फडकं काढलं तर आत लोखंडी अडण्या. तीन पाय, वर गोल कडं, घासूनपुसून काळ्या रंगानं रंगवलेल्या. बकुळनं परमलालच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी बसून एकेक जोडली होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लोखंडाचं वाण कुणी देत नाही, कुणी घेत नाही.

“लोखंड गं, कमल?” यमुनाबाई म्हणाल्या.

“तव्यावर पोळी खाता ना?” कमल म्हणाली. तिनं यमुनाबाईंना कुंकू लावलं आणि अडणी त्यांच्या ओटीत ठेवली. “घ्या. माझ्या बकुळनं जोडलीय. डोळे यायचे नाहीत हिच्यानं.”

यमुनाबाईंनी ती घेतली. त्यांच्यामागून सगळ्यांनी घेतल्या. परात रिकामी झाली, आणि त्या वर्षी अत्तर लावल्याशिवाय कुणीही घरी गेलं नाही. झाशीतल्या मराठी स्वयंपाकघरांतून त्या अडण्या अजून आहेत. मी कुणाकडे गेले की आधी ओट्याकडे बघते.